एक जीव म्हणजे किती?

जुलै-ऑगस्टच्या उधाणात जुहूच्या वाळूवर निळसर, पारदर्शक, बोटभर लांबीचे फुगे येऊन पडतात. बातम्यांत त्यांना ‘ब्लू बॉटल जेलीफिश’ म्हणतात, पाण्यात उतरू नका अशा सूचना निघतात. तरीही कुणाचा तरी पाय त्या फुग्यामागे लोंबणाऱ्या दोरीवर पडतो आणि लाल वळ उठतो. हा प्राणी जेलीफिश नाही, ही दुरुस्ती सोपी. त्याचं शास्त्रीय नाव फिझेलिया. अवघड प्रश्न पुढचा आहे. वाळूवर पडलेला तो फुगा म्हणजे एक प्राणी, की एकमेकांना चिकटून राहिलेले अनेक?

एखादी गोष्ट जिवंत आहे का, हा एक प्रश्न. जिवंत आहे हे मान्य केल्यावर ती किती आहे, हा दुसरा. पहिल्यावर लोक हिरिरीने बोलतात. करोनाच्या काळात विषाणू सजीव की निर्जीव याच्या चर्चा घरोघरी झाल्या. दुसरा प्रश्न सहसा कुणाला पडतच नाही, कारण माणूस, कुत्रा, कावळा यांच्यावर आपण मोजायला शिकलो आणि त्यांच्यात तो उद्भवत नाही. जीवशास्त्रज्ञांना मात्र या दुसऱ्या प्रश्नानेच जास्त छळलं आहे. ‘एक जीव’ कशाला म्हणावं याच्या डझनभर तरी व्याख्या आज मांडल्या गेल्या आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. त्या का जुळत नाहीत हे पाहायचं तर आधी काही पक्क्या समजुती सैल कराव्या लागतात.

गैरसमज: शाळेत शिकलेली सजीवांची लक्षणं लावली की उत्तर मिळतं

वाढ, श्वसन, उत्सर्जन, प्रजनन, चेतनाक्षमता. ही यादी सगळ्यांना पाठ असते. जिवंत काय आहे हे ओळखायला ती बरी आहे. ‘एक’ कुठे संपतो आणि ‘दुसरा’ कुठे सुरू होतो याबद्दल ती अवाक्षर काढत नाही. यकृतातली पेशी वाढते, श्वसन करते, दुभंगते, म्हणून ती स्वतंत्र जीव ठरत नाही. उलट खेचराला पिल्लं होत नाहीत, मोहोळातली कामकरी माशी बहुधा आयुष्यभर वांझ राहते, तरी त्यांना जीव न म्हणण्याची कुणाची छाती नाही.

विषाणूंचा घोळही याच यादीतून निघतो. पवईच्या आयआयटीतल्या संशोधकांनी गेल्या दशकात मुंबईच्या पाण्यातून आणि सांडपाण्यातून महाकाय विषाणू वेगळे केले आणि त्यांना कुर्लाव्हायरस, बांद्रा मेगाव्हायरस, पवई लेक मेगाव्हायरस अशी अस्सल मुंबईकर नावं दिली. अशा विषाणूंची जनुकं शेकड्यांनी मोजावी लागतात. काही जीवाणूंहून ती जास्त भरतात. पण स्वतःची प्रथिनं बनवणारा रायबोसोम त्यांच्याकडे नाही, त्यासाठी अमीबाच्या पेशीत शिरावंच लागतं. मग ते जीव का? तत्त्वज्ञ पीटर गॉडफ्री-स्मिथ यांनी २००९ च्या पुस्तकात केलेली फोड मला यात सर्वांत कामाची वाटते. नैसर्गिक निवड ज्याच्यावर काम करते असं एकक ही एक गोष्ट, आणि स्वतःला चालवणारी, ऊर्जा घेऊन घडण टिकवणारी व्यवस्था ही दुसरी. विषाणू पहिल्या कसोटीला पुरेपूर उतरतो, दुसऱ्या कसोटीला नाही. कुत्रा दोन्हींना उतरतो. आपण कुत्र्यावरून शिकलो, म्हणून दोन्ही कसोट्या एकच आहेत असं वाटत राहिलं.

गैरसमज: जे एकसंध दिसतं ते एक

फिझेलियाच्या फुग्याखाली वेगवेगळ्या घडणीचे अवयव लोंबत असतात. काही फक्त गिळतात आणि पचवतात. त्यांना शिकार करता येत नाही. काही फक्त डंख मारून मासा पकडतात. त्यांना तोंडच नाही. काहींच्या वाट्याला निव्वळ प्रजनन आलं आहे. पचलेलं अन्न आतल्या समाईक पोकळीतून सगळ्यांपर्यंत जातं. इथवर ऐकलं तर हात, तोंड, पोट असलेलं साधं शरीरच वाटेल. पण शरीररचनाशास्त्रज्ञाने जवळून पाहिलं की तो दचकतो. यातला एकेक ‘अवयव’ घडणीने आपल्या पाठ्यपुस्तकातल्या हायड्राच्या अख्ख्या शरीराशी जुळतो. नातेवाइकांमध्ये जो प्राणी स्वतंत्र जगतो, तोच इथे अवयव होऊन बसला आहे. या घटकांना झूऑइड म्हणतात.

या प्राण्यांनी ज्याला पुरतं झपाटलं तो माणूस म्हणजे थॉमस हेन्री हक्सली. डार्विनचा वकील म्हणून तो पुढे गाजला, पण १८४६ ते १८५० या काळात तो ‘रॅटलस्नेक’ या ब्रिटिश नौदलाच्या जहाजावर विशीतला सहायक शल्यचिकित्सक होता. ऑस्ट्रेलियाच्या समुद्रात जाळं टाकून फिझेलिया आणि त्याचे भाऊबंद काढायचे, सूक्ष्मदर्शकाखाली फाडून पाहायचे, हा त्याचा उद्योग. परतल्यावर १८५२ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने प्राण्यांतल्या ‘एक’पणावर व्याख्यान दिलं आणि एक निर्भीड व्याख्या मांडली. एका फलित अंड्यापासून जे जे निपजलं ते सगळं मिळून एक. ते चिकटून राहिलेलं असो वा सुटं झालेलं, त्याने फरक पडत नाही.

फिझेलियाचे सगळे झूऑइड एकाच फलित अंड्यातून अंकुरतात. म्हणजे हक्सलीच्या हिशेबाने जुहूचा फुगा एक. तो शिकार करतो, पचवतो, वाऱ्यावर तरंगतो ते सगळं मिळून करतो, म्हणजे कामाच्या हिशेबानेही एक. वंशाचा इतिहास पाहिला तर मात्र अनेक. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, कारण तिन्हींमागचे प्रश्न वेगळे आहेत.

गैरसमज: जनुकं एक, तर जीव एक

हक्सलीची व्याख्या आधुनिक भाषेत अशी वाचली जाते. ज्यांचा जनुकसंच सारखा, ते सगळे मिळून एक. दिसायला ती स्वच्छ आहे. ती कुठवर नेते ते पाहण्यासारखं आहे.

अमेरिकेच्या युटा राज्यात फिशलेक राष्ट्रीय वनात ॲस्पेन झाडांची सुमारे ४३ हेक्टरांची राई आहे. खोडं मोजली तर ४७,००० च्या आसपास. जनुकं तपासली तर सगळी एकाच नर झाडाची. एका बीतून उगवलेल्या झाडाच्या मुळांना धुमारे फुटत गेले, प्रत्येक धुमाऱ्याचं खोड झालं, जुनी खोडं मेली, नवी आली. १९९२ मध्ये या राईला ‘पँडो’ असं नाव मिळालं आणि सुमारे ६,००० टनांचा सर्वांत वजनदार जीव म्हणून ती प्रसिद्ध झाली. तिच्या मधून राज्याचा रस्ता जातो. रस्त्यामुळे मुळांचा संबंध कुठे तुटला असेल तर जीव एक राहतो की दोन होतात? जनुकांचा हिशेब सांगतो, काही बदललं नाही.

आपल्याकडचा वड थोडा वेगळा. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचं मूळ खोड बुरशीने कुजल्यामुळे १९२५ मध्ये काढून टाकावं लागलं. झाड हजारो पारंब्यांवर तसंच उभं आहे. तिथे निदान वर फांद्यांचा जोड दिसतो, त्यामुळे कुणी वाद घालत नाही. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन हार्पर यांनी १९७७ च्या ग्रंथात या भानगडीवर व्यवहारी तोडगा रुजवला. एका बीतून आलेलं सगळं मिळून ‘जेनेट’, आणि स्वतःच्या मुळांवर जगू शकेल असा त्याचा प्रत्येक तुकडा ‘रॅमेट’. पँडो म्हणजे एक जेनेट, ४७,००० रॅमेट. दोन आकडे ठेवा, कुठला कुठे वापरायचा ते कामावर ठरवा. वनस्पतिशास्त्रज्ञांनी हे इतक्या शांतपणे पचवलं आणि प्राणिशास्त्रज्ञ अजून भांडताहेत, याची मला गंमत वाटते. त्यांच्या प्राण्यांना तोंड असतं, म्हणूनही असेल.

त्याच वर्षी, १९७७ मध्ये, जीवशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झेन यांनी एक छोटा निबंध लिहिला आणि त्यात मावा आणला. मावा म्हणजे आपल्या शेतकऱ्यांच्या रोजच्या ओळखीचा. ज्वारी, कपाशी, हरभरा, काहीही पेरा, तो हजर. माव्याची मादी नराशिवाय पिल्लं घालते, ती पिल्लं माद्याच असतात आणि जन्मतानाच त्यांच्या पोटात पुढची पिढी वाढायला लागलेली असते. आपल्या उष्ण हवेत बहुतेक मावा असाच, नराविना, वाढत जातो. जॅन्झेन म्हणाले, उत्क्रांतीच्या दृष्टीने एका मादीपासून झालेला हा सगळा गोतावळा एकच जीव आहे. मोठं झाड फांद्या पसरून जागा व्यापतं, हा जीव सुट्या तुकड्यांनी व्यापतो, इतकंच. याच हिशेबाने शेतात किडा-किडा मोजणारा माणूस झाडाची पानं मोजतो आहे, आणि ढालकिडा मावा खातो तेव्हा तो प्राणी मारत नाही, छाटणी करतो.

हे वाचताना आधी हसू येतं, मग विचार करावा लागतो. जळगावच्या बागांमधली ग्रँड नैन केळी पाहा. शेतकरी तिला जी-नाइन म्हणतात. या केळीला बी धरत नाही. मुनवे लावा किंवा टिश्यू कल्चरची रोपं आणा, सगळी एकाच वाणाची नक्कल. जॅन्झेनच्या हिशेबाने जळगावात जी-नाइनचं एकच झाड आहे, आणि तेच मध्य अमेरिकेतही आहे. गेल्या शतकात ग्रो मिशेल हा वाण पनामा रोगाने व्यापारातून हद्दपार झाला. बुरशीला एका झाडाची खोड सापडली की सगळ्यांची सापडते, कारण नवं काही तिला भेटतच नाही. रोगाच्या बाजूने पाहिलं तर जॅन्झेनचं मोजमाप अगदी खरं ठरतं.

पण एकसारख्या जुळ्या बहिणींनाही मग ‘एक’ म्हणावं लागेल. नऊ पट्ट्यांच्या आर्माडिलोला दर खेपेला एकाच अंड्यातून चार पिल्लं होतात. तीही चौघं मिळून एक. इथे व्याख्या शेवटपर्यंत ताणली जाते आणि तुटते. शिवाय ‘सारखी जनुकं’ हेही पूर्ण खरं नसतं. पेशी दुभंगताना चुका होतात, त्या साचत जातात, आणि हजारो वर्षं वाढलेल्या राईच्या दोन टोकांची खोडं हुबेहूब एक राहत नाहीत.

ओरेगॉनच्या मॅलहूर राष्ट्रीय वनातल्या आर्मिलारिया बुरशीने या प्रश्नाला स्वतःपुरतं उत्तर दिलं आहे. तिचं एक जाळं जमिनीखाली सुमारे ९६५ हेक्टरांवर पसरलं आहे आणि तिचं वय २,००० वर्षांपासून ८,००० हून जास्त असं काहीही असू शकतं, असा अंदाज २००३ मध्ये छापून आला. एवढी जमीन कोण खणणार? संशोधकांनी वेगवेगळ्या ठिकाणचे नमुने आणून थाळीत शेजारी शेजारी वाढवले. दोन नमुने एकाच जाळ्याचे असतील तर त्यांचे धागे एकमेकांत मिसळतात; परके असतील तर मधे सीमारेषा उमटते. डीएनएच्या तपासणीची जोड याला दिली होतीच, पण इथे आपला कोण आणि परका कोण, हे बुरशीलाच विचारलं होतं.

गैरसमज: एका शरीरात एकच जनुकसंच

गाय जुळी व्याली आणि त्यात एक गोऱ्हा, एक कालवड असेल तर ती कालवड बहुधा गाभण राहत नाही, हे जनावरं सांभाळणाऱ्यांना फार आधीपासून ठाऊक आहे. जीवशास्त्रज्ञ फ्रँक लिली यांनी १९१६-१७ च्या सुमारास कारण दाखवलं. गर्भाशयात दोन्ही वासरांच्या रक्तवाहिन्या जुळतात, आणि गोऱ्ह्याकडून येणाऱ्या द्रव्यांनी कालवडीच्या जननेंद्रियांची वाढ बिघडते. पुढे १९४५ मध्ये रे ओवेन यांना आढळलं की अशा जुळ्या वासरांच्या अंगात एकमेकांच्या रक्तपेशी जन्मानंतरही तयार होत राहतात. म्हणजे वासरू एक, रक्त दोघांचं. आणि शरीर त्या परक्या रक्ताशी भांडत नाही!

गोठ्यातल्या या निरीक्षणातून रोगप्रतिकारशास्त्रातल्या एका महत्त्वाच्या विचाराचा पाया घातला गेला. शरीर ‘स्व’ आणि ‘पर’ हा भेद जन्मजात घेऊन येत नाही, वाढताना शिकतं, या विचारासाठी मॅकफार्लेन बर्नेट आणि पीटर मेडावर यांना १९६० चं नोबेल मिळालं. याच धाग्यावरून अलीकडे थोमा प्रादो या फ्रेंच तत्त्वज्ञाने व्याख्या सुचवली. प्रतिकारयंत्रणा ज्या ज्या भागांवर सतत लक्ष ठेवते आणि ज्यांना सामावून घेते, ते सगळं मिळून एक जीव. जनुकं एक असोत वा नसोत.

माणसातही हे घडतं. २००२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ५२ वर्षांच्या एका बाईची हकिकत आली. मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी घरच्यांच्या चाचण्या झाल्या आणि तीन मुलग्यांपैकी दोघांची ती आईच नाही, असा निकाल निघाला. तिने तर त्यांना जन्म दिलेला. उलगडा असा झाला की तिच्या आईच्या पोटात दोन भ्रूण होते आणि ते फार लवकर एकत्र मिसळून त्यांची एकच मुलगी झाली होती. तिच्या रक्तात एकीची जनुकं होती, इतर ऊतींमध्ये दुसरीचीही. हक्सलीच्या व्याख्येप्रमाणे त्या दोन व्यक्ती. मतदार यादीत मात्र एकच नाव, आणि माझ्या मते यादी बरोबर आहे. हा प्रकार दुर्मिळ म्हणून सोडून देता येतो. पण आईच्या रक्तात मुलाच्या पेशी राहून जाणं अजिबात दुर्मिळ नाही. १९९६ मध्ये डायना बियांकी यांच्या गटाला बाळंतपणानंतर २७ वर्षांनीही त्या सापडल्या होत्या.

गैरसमज: आपल्यात पेशींपेक्षा दहापट जीवाणू आहेत, तेव्हा ‘मी’ असं काही नसतंच

या एका वाक्यात दोन चुका आहेत. दहापटीचा आकडा १९७० च्या दशकातल्या एका ओझरत्या अंदाजावरून आला आणि पुढची चाळीस वर्षं सगळे तो एकमेकांचा उतरवत राहिले. २०१६ मध्ये रॉन सेंडर, शाय फुक्स आणि रॉन मिलो यांनी नीट मोजदाद केली. सत्तर किलोच्या माणसात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू आणि ३० लाख कोटी स्वतःच्या पेशी. म्हणजे जेमतेम बरोबरी. त्या पेशींतही बहुसंख्य रक्तातल्या लाल पेशी. जीवाणूंचं सगळं मिळून वजन भरतं दोनशे ग्रॅमच्या आसपास.

दुसरी चूक जास्त मुरलेली आहे. यजमान आणि त्याच्यातले सूक्ष्मजीव मिळून ‘होलोबायंट’ ही कल्पना लिन मार्ग्युलिस यांनी १९९१ मध्ये पुढे आणली, आणि २०१२ मध्ये स्कॉट गिल्बर्ट व सहकाऱ्यांनी तर आपण कधी ‘एक’ नव्हतोच असं शीर्षक देऊन निबंध लिहिला. आकर्षक आहे, पण सरसकट पटण्यासारखं नाही. प्रश्न एकत्र राहण्याचा नाही, भवितव्य किती बांधलेलं आहे याचा आहे. आपल्या आतड्यातले बरेचसे जीवाणू जन्मताना आणि जन्मानंतर, खाण्यातून, घरातून, स्पर्शातून येतात. ते एका यजमानावाचून अडून बसत नाहीत. त्यांचं हित आणि आपलं हित बहुतेक वेळा जुळतं, नेहमी नाही.

याच्या उलट पुन्हा माव्याकडे पाहावं. त्याच्या अंगात ठरावीक पेशींमध्ये बुखनेरा नावाचे जीवाणू राहतात. झाडाच्या रसात साखर भरपूर, पण गरजेची अमिनो आम्लं तुटपुंजी. ती बुखनेरा बनवून देतो. तो मादीच्या पोटातल्या पिल्लांत थेट उतरतो, बाहेरून कधी येत नाही. दहा कोटींहून अधिक वर्षांच्या या सोबतीत त्याची जनुकं झडत गेली, ई. कोलाय या त्याच्या नातेवाइकाच्या जनुकसंचाच्या जेमतेम सातव्या हिश्श्याएवढा जनुकसंच उरला आहे. प्रतिजैविक देऊन त्याला मारलं तर मावा खुरटतो, पिल्लं होईनाशी होतात. इथे दोघं मिळून एक म्हणायला मला काहीच अडचण दिसत नाही. आपल्या पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाही कधीकाळी अशाच बाहेरून आल्या होत्या आणि त्यांना आज कुणी पाहुणे म्हणत नाही.

स्वयंपाकघरातलं उदाहरण हवं असेल तर गोडा मसाल्यातलं दगडफूल. ते फूल नाही, वनस्पतीही नाही. बुरशी आणि तिच्या धाग्यांत राहून प्रकाशसंश्लेषण करणारं शैवाल यांचा एकत्र संसार आहे. सिमॉन श्वेंडनर या स्विस शास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात हे सांगितलं तेव्हा अनेक जाणकारांनी त्याची टर उडवली. आजही नामकरणाच्या नियमानुसार दगडफुलाचं शास्त्रीय नाव फक्त बुरशीचं मानलं जातं. पण दगडफुलाच्या कडांवर जी भुकटी दिसते तिच्या कणाकणात दोघंही असतात. वाऱ्यावर उडून ती पडते तिथे दोघांचा नवा संसार सुरू होतो.

गैरसमज: मोहोळ हा एक जीव, हे म्हणणं निव्वळ काव्य

विल्यम मॉर्टन व्हीलर या अमेरिकी मुंग्यातज्ज्ञाने १९११ मध्ये मुंग्यांच्या वसाहतीला जीव म्हटलं तेव्हा त्याने उपमा दिली नव्हती, दावा केला होता. मधमाश्यांची पिल्लं असलेला पोळ्याचा भाग बाहेर ऊन असो वा थंडी, ३५ अंशांच्या आसपास राखला जातो. प्रजनन वसाहत करते. ती फुटते तेव्हा एकीच्या दोन होतात. कामकरी माशी एकटी जगू शकत नाही.

तरी एक अडचण आहे. राणी अनेक नरांशी मीलन करते, त्यामुळे कामकरी माश्या सगळ्या सख्ख्या बहिणी नसतात आणि त्यांच्या हिताला फाटे फुटतात. कामकरीला नरांची अंडी घालता येतात, काही घालतातही. इतर कामकरी ती शोधून खाऊन टाकतात. ही पहारेदारी १९८९ मध्ये फ्रान्सिस रॅटनिक्स आणि किर्क विशर यांनी प्रयोगांनी दाखवली.

डेव्हिड क्वेलर आणि जोअन स्ट्रासमन यांनी २००९ मध्ये यातूनच वेगळी व्याख्या काढली. घटकांमध्ये सहकार्य भरपूर आणि झगडा जवळजवळ नाही, अशी जी मोठ्यातली मोठी एकत्र व्यवस्था, तो जीव. जनुकं, अंडी, कातडी यांना त्यात जागा नाही, आणि ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशा दोनच खुणाही नाहीत, कमी-जास्तपणा आहे. या मोजपट्टीवर फिझेलिया आणि मधमाश्यांची वसाहत बरीच वर बसतात. डिक्टिओस्टेलियम ही मातीतली अमीबा मधे कुठेतरी लटकते. अन्न संपलं की तिच्या हजारो सुट्या पेशी एकत्र येतात, त्यांची सरपटणारी गोगलगायीसारखी काया होते, मग उभा देठ आणि वर बीजाणूंचा गोळा. पाचवा हिस्सा पेशी देठ होऊन मरतात, बाकीच्या तरतात. जमलेल्या पेशी वेगवेगळ्या वंशांच्या असतील तर देठात जायचं टाळणारे लबाडही निघतात.

सगळ्या व्याख्यांत मला हीच पटते. ‘एक’पण सृष्टीने आधीच ठरवून दिलेलं नाही, घटकांमधला झगडा दडपत दडपत ते घडत गेलं, हे ती सांगते. आपलं शरीरही तसंच घडलेलं आहे, आणि ते विस्कटू शकतं.

गैरसमज: हा सगळा शब्दांचा कीस, कामाचं काही नाही

टास्मानियाच्या नैऋत्य कोपऱ्यात लोमेशिया टास्मानिका नावाचं लाल फुलांचं झुडूप आहे. जगात त्याची सुमारे पाचशे खोडं उरली आहेत. त्याला फळ धरत नाही, आणि तपासलेली सगळी खोडं जनुकांनी एक निघाली. तशाच पानांचा जवळ सापडलेला जीवाश्म ४३,६०० वर्षांपूर्वीचा आहे. मग या जातीत झाडं किती राहिली, पाचशे की एक? हा प्रश्न वनखात्याला टाळता येत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेला लाल यादीसाठी आकडा लागतो म्हणून तिने नियम करून टाकला आहे: एका वंशातले प्रजननक्षम तुकडे स्वतंत्र मोजायचे, पण जे एकटे जगू शकत नाहीत, उदाहरणार्थ प्रवाळातले घटक, ते नाही. म्हणजे रॅमेट मोजायचे. झुडपं वणव्यात किती वाचतील याला हा हिशेब योग्य. नवा रोग आला तर किती वाचतील याला नाही.

दुसरं प्रकरण आपल्या गल्लीत फिरतं. भटक्या कुत्र्यांच्या जननेंद्रियांवर होणारी एक गाठ पशुवैद्यांच्या रोजच्या पाहण्यातली आहे. तो कर्करोग आहे आणि तो मीलनातून पसरतो, पण त्यामागे विषाणू नाही; पसरतात त्या खुद्द कर्कपेशी. एका कुत्र्याची गाठ दुसऱ्यात रुजते हे रशियन पशुवैद्य नोविन्स्की यांनी १८७६ मध्येच दाखवलं होतं. जगभरातल्या गाठींची जनुकं जुळवून २०१९ मध्ये अंदाज निघाला की हे सगळं ४,००० ते ८,५०० वर्षांपूर्वी आशियातल्या एकाच कुत्र्यात सुरू झालं. तो कुत्रा कधीच मेला. त्याच्या एका बंडखोर पेशीची संतती आजही एका अंगातून दुसऱ्या अंगात जाते, यजमानाच्या प्रतिकारयंत्रणेपासून लपते, आणि मधूनमधून यजमानाच्या मायटोकॉन्ड्रिया पळवून स्वतःत घेते. कुत्र्याची गुणसूत्रं ७८. गाठीच्या पेशीत ती साठीच्या आगेमागे. टास्मानियन डेव्हिल या प्राण्यात असाच चावण्यातून पसरणारा कर्करोग १९९६ मध्ये दिसला आणि त्याने त्या जातीची बहुसंख्या गिळली.

ही गाठ म्हणजे काय? एका फलित अंड्यातून निपजलेलं सगळं एक, असं धरलं तर हजारो वर्षांपूर्वीचा तो कुत्रा अजून जिवंत आहे. सहकार्य आणि झगड्याची कसोटी लावली तर तो कुत्रा संपला आणि त्याच्या जागी परजीवी जीवांचा एक नवा वंश उभा राहिला. प्रयोगशाळांत १९५१ पासून वाढत असलेल्या हेला या मानवी कर्कपेशींबद्दल ली व्हॅन व्हेलेन यांनी १९९१ मध्ये हेच म्हटलं आणि त्यांना ‘हेलासायटॉन गार्टलेरी’ असं स्वतंत्र जातीचं नाव देऊन टाकलं. वर्गीकरणाच्या यादीत ते नाव टिकलं नाही. पण कुत्र्याच्या त्या गाठीवर पशुवैद्य विनक्रिस्टीन या कर्करोगाच्या औषधाचं इंजेक्शन द्यायला सुई उचलतो तेव्हा तो कुत्र्याच्या पेशींवरचा उपचार समजून देत असला, तरी मारत असतो तो त्या कुत्र्याच्या बाहेरून आलेल्या, त्याच्याहून हजारो वर्षांनी वडील असलेल्या कुणाला तरी.